खाते कोणाच्या नावे?

'खाते' या शब्दाइतका व्यापारी घराला जवळचा शब्द क्वचितच दुसरा असेल. वहीत नवे पान उघडले की त्याच्या माथ्यावर आधी नाव लिहायचे, मग रक्कम. नाव नसलेल्या पानावर जमा-नावे मांडण्याचा अविचार कोणी दिवाणजी करीत नसे. संगणक पेढीवर आला तेव्हा त्यानेही हाच शब्द उसना घेतला. तेथेही प्रत्येक वापरणाऱ्याचे खाते असते, त्याला नाव असते आणि त्या नावाला काय उघडता येईल व काय नाही याची नोंद असते. फरक एवढाच, की वहीतील खात्याकडे आपली नजर रोज जाते आणि संगणकावरील खात्याची आठवण जुने यंत्र जाऊन नवे येते त्याच दिवशी होते.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर हा प्रसंग पुष्कळ दुकानांवर आला. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि चारच दिवसांनी धनत्रयोदशी होती. ज्यांच्या जुन्या यंत्राला विंडोज ११ पेलण्यासारखी नव्हती, त्यांनी नवे यंत्र घेतले. नव्या वहीबरोबर त्यालाही कुंकू लागले. जुन्या यंत्रातील फायली नव्यात उतरवण्याचे काम एका संध्याकाळचे. ते पार पडले की घरधनी निश्चिंत होतो. खात्यांचा गुंता मात्र नंतर वर येतो: एखादी फाइल उघडत नाही, एखादा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, एखादा ओटीपी भलत्याच मोबाइलवर जातो. मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे जाते आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "हे खाते कोणाच्या नावे आहे?" या प्रश्नाला दुकानात चार जणांची चार उत्तरे असतात.

गोष्ट नीट समजावी म्हणून दाभोळच्या बंदराजवळचे एखादे दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान कल्पनेतले, व्यवहार मात्र ओळखीचा. वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाशी हे गाव. समोरच्या धोपाव्याला गाड्यांसकट माणसे नेणारी फेरीबोट सुटते, किनाऱ्याला मच्छीमार होड्या लागलेल्या असतात. दुकानात दोर, रंग, खिळे, पत्रे, शिवाय तांदूळ-साखर. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा माल उधारीवर जातो आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या की हळूहळू पैसा येतो. म्हणजे अशा दुकानाचे खरे धन फळीवरच्या मालापेक्षा उधारीच्या खतावणीत अधिक. ती खतावणी संगणकात आहे. त्या संगणकावर वडील सकाळी बँकेची शिल्लक पाहतात, मुलगा दुपारी बिले करतो, दिवाणजी रात्री रोजमेळ जुळवतात आणि महिन्यातून एकदा दापोलीचे किंवा चिपळूणचे सी.ए. दुरून जोडून विवरणे तपासतात. चौघेही एकाच नावाने आत शिरतात. ते नाव बहुधा 'ॲडमिन' असते, नाहीतर यंत्र बसवणाऱ्याने दिलेले नुसते 'पीसी'. पासवर्ड दुकानाच्याच नावाचा, पुढे एक-दोन-तीन. दहा वर्षे याने काही अडत नाही.

मग जुने यंत्र अचानक बंद पडते. तंत्रज्ञ त्यातील डिस्क काढतो, नव्या संगणकाला जोडतो. नव्या संगणकावरही त्याने 'ॲडमिन' हेच नाव दिलेले असते, कारण दुकानाला त्याची सवय आहे. तरीही जुने फोल्डर उघडायला जावे तर यंत्र सांगते की आपणास येथे प्रवेशाची परवानगी नाही. नाव तेच, माणूस तोच, दुकान तेच. मग नकार कशाचा?

येथे विंडोजची एक रीत ठाऊक असावी लागते. आपण दिलेले नाव ही तिच्या दृष्टीने केवळ दारावरची पाटी होय. प्रत्येक खाते तयार होताना ती त्याला आतून एक लांबलचक क्रमांक देते. त्या क्रमांकात त्या यंत्राचा स्वतःचा अंश मिसळलेला असतो आणि शेवटी त्या खात्याचा अनुक्रम असतो. फाइल कोणाची आहे हे लिहून ठेवताना विंडोज नाव लिहीत नाही, हा क्रमांक लिहिते. त्यामुळे दोन यंत्रांवरील एकाच नावाची दोन खाती म्हणजे एकाच नावाचे दोन निराळे गृहस्थ. इतकेच काय, त्याच यंत्रावर एखादे खाते पुसून पुन्हा त्याच नावाने उघडले तरी क्रमांक नवा पडतो आणि आधीच्या फायली त्याला ओळखत नाहीत. अशा फोल्डरच्या सुरक्षेचा रकाना उघडून पाहिला तर मालकाच्या जागी 'अज्ञात खाते' असे शब्द आणि त्यापुढे अंकांची ती लांब ओळ दिसते. आकडे शिल्लक आहेत, माणूस सापडत नाही, अशी ती स्थिती.

दाभोळच्या बंदराला हा प्रकार अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर आपला अंमल बसवला, तेव्हा 'कर्ताझ' नावाचा परवाना जवळ असल्याशिवाय जहाजाला सुखाने जाता येईना. आदिलशाहीच्या अमलातील दाभोळच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, कोठून कोठे जाणार, हे सारे लिहिलेले असे. मालाचा मालक कितीही मोठा असो, कागदाशी जुळत नसेल तर माल जप्त. ती जुलमी व्यवस्था होती. संगणकाची तशी नाही. पण तपासणीची पद्धत तीच आहे: समोरचा काय म्हणतो हे ऐकायचे नाही, कागदावर काय लिहिले आहे ते पाहायचे.

डिस्क नुसती जोडलेली असेल आणि तिला निराळे कुलूप नसेल, तर हा नकार मोडता येतो. नव्या यंत्रावरील व्यवस्थापकाच्या अधिकाराचे खाते त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊ शकते. फोल्डरच्या गुणधर्मांत सुरक्षेचे पान आहे, तेथे मालक बदलता येतो. जाणत्या तंत्रज्ञाला हे काम अर्ध्या तासाचे. फायली हजारो असतील तर यंत्र काही वेळ घेईल, तेवढा धीर धरावा. मात्र हे करण्याआधी त्या डिस्कची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घेण्याचा आग्रह धरावा. घाईत मालकी बदलताना फायली पुसल्या गेल्या तर दोष कोणाला देणार?

यापुढची कुलुपे वेगळ्या जातीची आहेत आणि त्यांच्यापुढे तंत्रज्ञाचे कौशल्य चालत नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत संपूर्ण डिस्कच सांकेतिक रूपात लिहिलेली असते. असे यंत्र चालू आहे तोवर मालकाला याचा पत्ताही नसतो. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते. किल्ली असेल तर डिस्क उघडते, नसेल तर संपले. टॅलीमध्ये कंपनीच्या माहितीला 'टॅलीव्हॉल्ट' नावाचे आणखी एक कुलूप लावण्याची सोय आहे. त्याचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्याचा मार्ग नाही, कारण तो कोठे साठवलेलाच नसतो. कुलूप चांगले असल्याचे हेच लक्षण. पण किल्ली जपण्याची शिस्त नसलेल्या घरात चांगले कुलूप चोरापेक्षा धन्यालाच अधिक छळते.

ब्राउझरने लक्षात ठेवलेल्या पासवर्डांचेही असेच. बँकेचे, जीएसटीचे, पुरवठादाराच्या संकेतस्थळाचे पासवर्ड दुकानातल्या कोणालाच पाठ नसतात. ब्राउझर ते आपण होऊन भरतो. जुन्या यंत्रातून ब्राउझरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे नव्या यंत्रात ठेवले तरी ते पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या यंत्रावरील जुन्या खात्याशी बांधलेली असते. जुने यंत्र चालू असतानाच ते बाहेर काढावे लागतात. काढल्यावर जी फाइल तयार होते तिच्यात सारे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. ती काम होताच पुसावी, टेबलावर किंवा ईमेलमध्ये राहू देऊ नये.

'जुने यंत्र चालू असतानाच' हे शब्द कोकणात जरा जास्त गांभीर्याने घ्यावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांना झोडपले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. त्यानंतर एका वर्षाने, २२ जुलै २०२१ ला, ज्या वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे तिच्याच वरच्या अंगाला चिपळूणची बाजारपेठ पुराच्या पाण्यात गेली. त्या दिवसाची एक हकीकत सर्वांच्या वाचनात आली असेल: एसटीच्या चिपळूण आगारातील कर्मचारी आगाराची रोकड घेऊन पाण्याने वेढलेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. रोकड हातात घेऊन टपावर चढता येते. दुकानाच्या गल्ल्याखालचा संगणक, त्याच्या पासवर्डाची खणातली चिठ्ठी आणि खणातच ठेवलेला बॅकअपचा पेनड्राइव्ह एकाच पाण्यात बुडाले, तर टपावर काय घेऊन चढणार? खात्यांचा नीट हिशेब ज्याने कागदावर उतरवून घराच्या माडीवर ठेवला आहे, तोच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातून आपले काम पुन्हा सुरू करू शकतो.

आता नव्या यंत्राच्या पहिल्या दिवसाकडे वळू; माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्या दिवशी आपल्या नकळत घेतला जातो. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटची जोडणी मागते आणि मायक्रोसॉफ्टचे ईमेल-खाते मागते. घरधन्याचे असे खाते नसते, किंवा असते पण पासवर्ड आठवत नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते. यंत्र बसवायला आलेल्या मुलाला पुढच्या दुकानी जायचे असते. तो म्हणतो, "शेठ, तूर्त माझ्या ईमेलवर चालू करून देतो, मग बदलून घ्या." शेठ होकार देतात. तो 'मग' पुढे कधी येत नाही.

यात काय घडले ते पाहावे. यंत्रावर जे खाते पहिल्यांदा उघडते ते व्यवस्थापकाचे असते. डिस्कला कुलूप लागले तर तिची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. टेबलावरच्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरमधल्या फायलींची प्रत मायक्रोसॉफ्टच्या ढगावर जाण्याची सोय चालू झाली तर तीही त्याच खात्यात जाते. पासवर्ड विसरल्यावर नवा देण्याचा अधिकारही त्याच ईमेलकडे. म्हणजे यंत्राचे पैसे शेठने दिले, बिल शेठच्या नावे फाटले, आणि किल्ल्यांचा जुडगा एका परक्या तरुणाच्या कमरेला लागला. तो मुलगा बहुधा सज्जनच असतो. वर्षभराने तो पुण्या-मुंबईला नोकरीला जातो, जुने ईमेल वापरणे सोडतो, आणि एके दिवशी यंत्र किल्ली मागते. तेव्हा शेठ कोणाला शोधणार?

म्हणून नवे यंत्र खोक्यातून काढण्यापूर्वीच पेढीच्या नावे एक स्वतंत्र ईमेल करून ठेवावे, त्याला घरातल्या दोन मोबाइलांचा आधार द्यावा आणि यंत्राचे पहिले खाते त्याच्यावरच उघडावे. हे खाते व्यवस्थापकाचे. त्यावर रोजचे काम कोणीही करू नये, धन्यानेही नाही. वडिलांचे, मुलाचे, दिवाणजींचे अशी तीन साधी खाती निराळी काढावीत. साध्या खात्यातून काम करणाऱ्याने चुकून एखादी घातक फाइल उघडली तरी संपूर्ण यंत्रावर हात टाकण्याआधी तिला व्यवस्थापकाचा पासवर्ड मागावा लागतो. तेवढ्या आडकाठीनेही पुष्कळदा अनर्थ टळतो. घरातल्या मंडळींना प्रारंभी ही कटकट वाटते, हे खरे. तिजोरीला दोन किल्ल्या ठेवण्याचीही आपल्या वाडवडिलांना कटकटच वाटत असणार.

विंडोजची खाती लागली म्हणजे टॅलीची लागली असे मात्र होत नाही. टॅलीच्या वापरकर्त्यांची यादी कंपनीच्या माहितीतच असते. माहितीचे फोल्डर नव्या यंत्रात आले की ती यादी आणि तिचे पासवर्ड बरोबरच येतात. परवान्याचे तसे नाही. तो यंत्राशी जोडलेला असतो. जुन्या यंत्रावर तो परत करायचा आणि नव्यावर पुन्हा घ्यायचा. त्यासाठी परवान्याला जोडलेले ईमेल हाती लागते, आणि येथेही तोच प्रश्न: ते ईमेल कोणाचे? सहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कारकुनाचे असेल, तर यंत्र बदलण्याच्या दिवशी त्याला फोन करून आर्जव करण्याची वेळ येते.

टॅलीतील यादी हा खरा विचार करण्याचा विषय आहे. हाताने लिहिलेल्या वहीत एक मोठा गुण होता, तो आपण संगणक घेताना मोजलाच नाही. वहीत हात ओळखू येई. मोडीतील वळण, 'श्री' काढण्याची तऱ्हा, आकड्याखाली मारलेली रेघ, शाई भरण्याची सवय, यांवरून ही नोंद आजोबांची, ही दिवाणजींची, ही सुटीत येऊन बसलेल्या भाच्याची, हे घरातले कोणीही सांगे. खाडाखोड झाली तर ती दिसे आणि कोणी केली तेही दिसे. रात्री मेळ बसला नाही तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असे. संगणकाने सर्वांचे अक्षर सारखे केले. सगळेच सुवाच्य झाले आणि त्याच क्षणी सगळेच निनावी झाले. गेलेला तो हात परत आणण्याचे एकच साधन संगणकाजवळ आहे: प्रत्येकाचे निराळे खाते. चौघे जण जेव्हा 'ॲडमिन' या एकाच नावाने नोंदी करतात, तेव्हा चौघांनी एकाच्या हाताने वही लिहिल्यासारखे होते. मग एखाद्या होडीवाल्याच्या उधारीतून दोन हजार कमी झालेले दिसले, तर संशय चौघांवर आणि जबाबदारी कोणावरच नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण अशाच दुकानासाठी केली असावी. याचा जाच सर्वांत अधिक होतो तो प्रामाणिक दिवाणजींना; आपण ही नोंद केली नाही हे सिद्ध करण्याचे साधनच त्यांच्या हाती राहत नाही.

कायद्यानेही आता या हाताची दखल घेतली आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, की ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद ठेवण्याची सोय बंद करता येत नाही. मालकी किंवा भागीदारीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही. पण ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे त्यांनी ती नियम नसला तरी चालू ठेवावी, असे मी म्हणेन. मात्र बदल कोणी केला याच्या रकान्यात हजार वेळा 'ॲडमिन' असेच छापून आले, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

उधारीचा दावा कोर्टात गेला तर हा मुद्दा आणखी धारदार होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांत इलेक्ट्रॉनिक वह्यांचाही स्पष्ट समावेश आहे. त्याचबरोबर जुन्या कायद्यातले बंधनही राखले आहे: केवळ वहीतील नोंदीच्या बळावर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, जोडीला आणखी पुरावा लागतो. आणि कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग ते यंत्र ज्याच्या ताब्यात व देखरेखीखाली होते त्याने भरायचा आणि दुसरा भाग जाणकाराने. यंत्र कोणाच्या देखरेखीखाली होते, नोंद कोणी केली, दुसरे कोणी त्यात हात घालू शकत होते का, हे प्रश्न विरुद्ध बाजूचा वकील विचारणारच. यंत्र बदलताना जुन्या यंत्रातील माहिती कोणत्या तारखेला, कोणी, कशी नव्यात आणली हे एका कागदावर लिहून सही करून ठेवले असेल, तर त्या दिवशी उत्तर देणे सोपे जाते.

सरकारी पोर्टलांवरची खाती यंत्राबरोबर बदलत नाहीत, हे एक सुख. जीएसटीचे लॉग-इन कोणत्याही संगणकावरून चालते. पण ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच पासवर्डाच्या जोडीला ओटीपी द्यावा लागतो, आणि तेथे दुकानाने एकच खाते चौघांत वाटलेले असेल तर दिवसभर फोनाफोनी होते. माल भरून टेम्पो उभा, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील फेरीबोटीत. पोर्टलवरच मुख्य खात्याखाली उपखाती काढण्याची सोय आहे. प्रत्येक उपखात्याचा ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जातो. ती वापरावी.

डिजिटल सहीच्या टोकनबद्दल मात्र कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. तो छोटा टोकन आणि त्याचा पिन सी.ए.च्या कार्यालयातील खणात ठेवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. नव्या यंत्रावर त्याचे सॉफ्टवेअर बसवण्याचा कंटाळा, हे तिचे एक कारण. सही केलेल्या कोऱ्या धनादेशांचे पुस्तक आपण दुसऱ्याच्या खणात ठेवू का? दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. पण आपणच पिनसकट टोकन देऊन ठेवले असेल, तर अप्रामाणिकपणा दाखवून देणे किती कठीण जाईल याचा विचार करावा. यंत्र बदलले की टोकन परत आणावा, पिन बदलावा आणि सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर बसवून घ्यावे.

या आवराआवरीत बहुतेक घरांत एक खाते असे निघते की ज्याच्याशी काय करावे ते कोणाला सुचत नाही. ते वडिलांचे असते आणि वडील आता नसतात. पेढीचे पहिले ईमेल त्यांनी काढलेले. परवाने, बँकेची पत्रे, पुरवठादारांचे करार सारे त्यावर. कोणी ते पुसायला धजत नाही आणि कोणी उघडतही नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणले आहे, म्हणजे आदरापोटी न उघडलेले खाते एक दिवस आपोआप नाहीसे होऊ शकते. त्यात धंद्याच्या पत्रांबरोबर जुनी छायाचित्रेही असतील. म्हणून त्याच्याशी जोडलेला एकेक व्यवहार आधी पेढीच्या ईमेलवर आणावा, छायाचित्रे उतरवून घ्यावीत, मग घरच्यांनी ठरवावे. हयात असलेल्या वडीलधाऱ्यांनी गूगलच्या खात्यात 'निष्क्रिय झाल्यास कोणाला कळवावे' ही सोय आहे ती आपल्या हाताने भरून ठेवावी. मुलांनी हा विषय काढायला संकोचण्याआधी स्वतःच काढला तर फार बरे. जीएसटीबाबत एवढे ध्यानात असू द्यावे, की मालकी पेढीचा नोंदणी क्रमांक मालकाच्या पॅनवर असतो; मालकाच्या पश्चात त्याच लॉग-इनवर धंदा चालू ठेवता येत नाही, वारसाला स्वतःची नोंदणी घ्यावी लागते.

राहता राहिले जुने यंत्र. ते बसवणाऱ्याला अदलाबदलीत देऊन दीड-दोन हजार सूट मिळवण्याचा मोह होतो. तो आवरावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि जुन्या डिस्कवर एखादे वर्ष असे निघते की जे नव्यात आणायचे राहून गेले. जुने यंत्र निदान एक पूर्ण महिना चालू स्थितीत बाजूला ठेवावे. त्या महिन्यात नव्या यंत्रावरून सगळी बिले करावीत, ई-वे बिले काढावीत, बँकेत शिरावे, पुढच्या २० तारखेला मासिक विवरण भरून पाहावे. हे सारे जुन्या यंत्राला हात न लावता पार पडले की त्यावरील व्हॉट्सॲप, ईमेल आणि ब्राउझर यांतून बाहेर पडावे, टॅलीचा परवाना परत केला आहे ना ते पुन्हा पाहावे, डिस्क काढून घ्यावी आणि मगच उरलेले धूड भंगारवाल्याला द्यावे. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून, वर तारीख लिहून, माडीवर ठेवावी. तिच्याबरोबर एका पाकिटात पेढीच्या ईमेलचा पासवर्ड, अठ्ठेचाळीस अंकी किल्ली आणि कोणते खाते कोणाच्या नावे आहे याची यादी. पाकिटावर सही दोघांची असावी.